चाकांवरचे घर, मोजून पाणी



आपल्या घरात दिवसाकाठी किती पाणी लागते, हे तुम्ही सांगू शकाल काय? उसाला किती पाळ्या दिल्या, पंप किती तास चालला, विहीर किती हात उतरली, हे शेतकरी झोपेतही सांगेल. पण घरात किती पाणी आले आणि ते कुठे गेले, असे विचारले की बोट बाईमाणसाकडे जाते. आणि जिथे दारात नळ आला, तिथे तिलाही हा हिशेब ठेवण्याचे कारण उरलेले नाही. विजेचेही तसेच. बिल आले की कुरकुर करायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध.

हा हिशेब सक्तीने करायला लावणारी एक जागा मी गेल्या वर्षी पाहिली. ती आपल्यापासून फार लांब, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, गिला नावाच्या राष्ट्रीय वनात आहे. तिथे आम्ही चाकांवरच्या घरात तीन रात्री राहिलो. त्या मुक्कामाला वीज नाही, नळ नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. जे लागेल ते बरोबर न्यायचे आणि जे उरेल ते, घाणीसकट, परत आणायचे. अमेरिकेची उंच घरे आणि रुंद रस्ते यांचे वर्णन तुम्ही पुष्कळ वाचले असेल. मी तुम्हाला सांगणार आहे ते या तीन दिवसांच्या काटकसरीबद्दल.

कोणाचे हे रान?

माझा पुतण्या लास क्रुसेस या गावी नोकरीला आहे. मी आणि आमच्या सौ. ऑक्टोबरात त्याच्याकडे गेलो होतो. हे गाव रिओ ग्रांदे नदीच्या काठी आहे. मिरची आणि पेकान नावाच्या अक्रोडासारख्या फळाची तिथे मोठी बागायत आहे. पाऊस मात्र वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर. त्यातला बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये गडगडाटासह येतो आणि गंमत म्हणजे तिकडचे लोकही त्याला ‘मान्सून’च म्हणतात.

या गावाच्या वायव्येला, डोंगरात, गिलाचे रान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ३३ लाख एकर. अमेरिकेत अशी १५४ राष्ट्रीय वने आहेत आणि सगळी मिळून सुमारे १९ कोटी एकर जमीन होते. ही जमीन सरकारची, म्हणजे जनतेची. माझ्यासारख्या शेतीखात्यातल्या माणसाला नवल वाटले ते याचे, की १९०५ सालापासून ही वने तिथल्या कृषी खात्याकडे आहेत. त्या खात्याची वनसेवा ती सांभाळते. झाड हेही एक पीक आहे, ते जपून वापरले तर पिढ्यान्‌पिढ्या पुरते, असा विचार वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो यांनी मांडला होता. ठरावीक परवाने घेऊन शेतकरी आजही या वनांत गुरे चारतात.

याच वनांत कोणीही जाऊन मुक्काम करू शकतो. काही ठिकाणी नळ, वीज, अंघोळीची सोय असते आणि त्याचे भाडे पडते. काही ठिकाणी नुसती मोकळी जागा असते. एका जागी साधारण चौदा दिवसांपर्यंत राहता येते, पुढे दुसऱ्याला जागा करून द्यायची. आम्ही गेलो ते ठिकाण म्हणजे गिला नदीच्या पुलाजवळचा ग्रेपव्हाइन नावाचा मुक्काम. तिथे भाडे नाही. जो आधी येईल त्याची जागा.

गाडी उलाळ होऊ नये म्हणून

आता हे चाकांवरचे घर कसे असते ते सांगतो. आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्र्याची बंद खोली बसवली आहे, अशी कल्पना करा. आमचे घर सोळा फूट लांबीचे होते आणि पुतण्याच्या पिकअप गाडीला जोडले होते. आत दोन बिछाने, दोन शेगड्यांचा ओटा, एक भांडी धुण्याचे कुंड, छोटा फ्रीज आणि कपाटाएवढा संडास. पुतण्या, सूनबाई, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघे, असे पाच जण होतो. पुतण्याने स्वतःसाठी बाहेर तंबू ठोकला.

ट्रेलर जोडताना पुतण्या म्हणाला, “काका, सामान भरताना मागे जड नको. मागे जड झालं की रस्त्यावर ट्रेलर झुलायला लागतो.” मी म्हटले, “अरे, हे आपल्या बैलगाडीचंच शास्त्र.” ज्यांनी गाडी हाकली आहे त्यांना सांगायला नको. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचे तसेच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडावर यावा, असा नियम आहे. आमचा ट्रेलर भरून सुमारे चौदाशे किलो होता, म्हणजे दीडशे ते दोनशे किलो भार जोडावर. म्हणून पाण्याचे डबे आणि धान्यधुन्य चाकांच्या थोडे पुढे ठेवले. आपल्याकडे उसाची ट्रॉली भरताना हा विचार किती जण करतात, ते तुम्हीच पाहा.

सिल्व्हर सिटी या गावापासून रानात जायला दोन रस्ते आहेत. सरळ रस्ता ४४ मैलांचा, म्हणजे सत्तर किलोमीटरचा. पण तो इतका अरुंद आणि वळणांचा आहे, की तेवढ्याला दीड-दोन तास लागतात. वीस फुटांपेक्षा लांब ट्रेलर असेल तर या रस्त्याने जाऊ नये, मिंब्रेस खोऱ्यातून फेऱ्याने जावे, अशी सूचना आहे. आमचा ट्रेलर लहान होता, तरी पुतण्याने फेऱ्याचाच रस्ता धरला. त्या वाटेवर आधी सांता रिता येथील तांब्याची अजस्र उघडी खाण लागते. सबंध डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी पोखरलेला. मग सफरचंदाच्या बागा, छोटी छोटी शेते, आणि त्यानंतर पाँडेरोसा जातीच्या उंच पाइनचे रान. उन्हात तापलेल्या या झाडाच्या सालीला नाक लावले तर गोडसर वास येतो. नातीने तो आम्हाला मुद्दाम घ्यायला लावला.

आधी पाणसळ, मग चूल

मुक्कामाची जागा नदीकाठी होती. कॉटनवूडची पाने पिवळी पडू लागली होती. लोखंडी कड्याची एक शेकोटीची जागा आणि थोड्या अंतरावर खड्ड्याचा संडास, एवढीच सरकारी सोय.

हा संडास मी खाते म्हणून नव्हे, उत्सुकतेने नीट पाहिला. खाली बंदिस्त काँक्रीटची टाकी असते, त्यामुळे घाण जमिनीत झिरपत नाही. टाकीतून एक जाड काळा नळ छपराच्या वर जातो. उन्हाने नळ तापला की आतली हवा वर चढते आणि दुर्गंधी वरच्या वर निघून जाते. आत पाण्याचा थेंब लागत नाही. टाकी भरली की गाडी येऊन उपसून नेते.

पोहोचल्यावर पहिले काम ट्रेलर सपाटीवर आणण्याचे. एका बाजूच्या चाकाखाली फळ्या घातल्या, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले आणि मगच पिकअपचा जोड सोडला. गवंडी धरतो तशी पाणसळ लावून पाहिली. हे निजायच्या सोयीसाठीच नाही. ट्रेलरमधला फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतो. ज्योतीच्या उष्णतेने नळ्यांतला अमोनिया वर चढतो, पुढे थंड होतो आणि उताराने खाली येतो. ट्रेलर कलंडलेला असेल तर हा प्रवाह अडतो आणि फ्रीज बिघडतो.

पाण्याचा जमाखर्च

ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची, ११३ लिटर. दुसरी ओट्यावरच्या आणि हात धुण्याच्या सांडपाण्याची, सुमारे ९५ लिटर. तिसरी संडासाची, ७५ लिटर. याशिवाय पिण्याच्या पाण्याचे वीस वीस लिटरचे दोन डबे आम्ही बरोबर घेतले होते. म्हणजे एकूण जमा १५३ लिटर. माणसे पाच, दिवस तीन.

आपण घरी मोरीत पाणी ओतले की ते डोळ्यांआड होते. ट्रेलरमध्ये ते जात नाही, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत येते. सांडपाण्याची टाकी भरली तर स्वच्छ पाणी शिल्लक असूनही वापरता येत नाही. जमिनीवर ते ओतायचे नाही. आपल्या परसात मोरीचे पाणी केळीला किंवा अळूला देणे हा शहाणपणा आहे. पण नदीकाठच्या या रानात रोज नवे लोक येणार. प्रत्येकाने साबणाचे आणि खरकट्याचे पाणी तिथेच सोडले, तर माती घाण होईल, नदी नासेल, आणि वासाने अस्वल येईल. या रानात काळी अस्वले आहेत. म्हणून खाण्याचे डबेही उघड्यावर ठेवत नाहीत.

आमच्या सौ.चे माहेर माण तालुक्यातले. टँकरच्या रांगेत त्यांचे बालपण गेलेले. पहिल्याच संध्याकाळी सूनबाईने सवयीने नळ सोडून ताट धरले, तेव्हा सौ. हळूच म्हणाल्या, “अगं, टाकी भरली आहे म्हणजे पाणी आहे असं नाही. तिसऱ्या दिवशी उरेल ते खरं पाणी.” त्या क्षणापासून पाण्याचा कारभार त्यांच्याकडे गेला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

त्यांची रीत अशी. ताट धुण्याआधी कागदाने कोरडे पुसायचे आणि तो कागद कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा. मग एका वाडग्यात साबणाचे थोडे पाणी, दुसऱ्यात विसळायचे. विसळलेले पाणी पुढच्या वेळी साबणाला. नळाखाली धार धरून काहीही धुवायचे नाही. हात धुण्यासाठी झाकणाला बारीक भोके पाडलेली बाटली. स्वयंपाक एका भांड्याचा. सौ.नी पुण्याहून थालीपिठाची भाजणी आणली होती आणि सूनबाईजवळ ज्वारीचे पीठ होते. रानात जेवणाऱ्याला माहीत आहेच, भाकरीवर पिठले घेतले की ताट लागत नाही.

नातीने दारामागे एक कागद चिकटवला आणि दर वेळी मापाने किती पाणी काढले ते लिहिले. परत निघताना बेरीज केली ती अशी: पिणे आणि स्वयंपाक ६० लिटर, भांडी २० लिटर, हात-तोंड धुणे आणि ओल्या फडक्याने अंग पुसणे ४५ लिटर. एकूण १२५ लिटर. शिल्लक २८. म्हणजे माणशी रोज आठ लिटरांच्या थोडे वर.

हा आकडा ऐकून कोणी गैरसमज करून घेऊ नये. यात अंघोळ नाही, कपडे नाहीत, गोठा नाही. संडासाला पाणी नाही. हवा थंड होती. बारा महिन्यांच्या संसाराला हे पाणी पुरणार नाही आणि पुरवूही नये. आपल्या जलजीवन मिशनने २०१९ मध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोज ५५ लिटर हे माप धरले, ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. मला सांगायचे आहे ते वेगळे. पोटात जाणारे पाणी आणि हातातून निसटणारे पाणी यांत किती फरक असतो, हे त्या कागदावर पाचही जणांना दिसले. तिसऱ्या दिवशी कोणाला काही सांगावे लागत नव्हते.

अर्ध्या युनिटात रात्र

विजेसाठी ट्रेलरला बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी होती. अशा शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, अधिक उपसली तर तिचे आयुष्य घटते. निम्मी म्हणजे ६०० वॉट-तास. आपल्या मीटरच्या भाषेत अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त.

एवढ्यात दिवे, पाण्याचा पंप आणि रात्री उबेसाठी गॅसच्या भट्टीचा पंखा चालवायचा होता. एलईडी दिव्यांना फारसे लागत नाही. खरा खादाड तो पंखा. ऑक्टोबरात दिवसा तिथे गोड ऊन असते, पण रात्री कडाक्याची थंडी पडते. पंखा रात्रभरात पाच तास चालला तर दोनशे वॉट-तासांच्या आसपास वीज जाते. म्हणून भट्टी मंद ठेवून अंगावर दोन पांघरुणे जास्त घेतली. सकाळी शंभर वॉटचे सौर तावदान उन्हात मांडले की संध्याकाळपर्यंत बॅटरी पुन्हा भरत असे. नातीकडे तावदान सूर्याकडे वळवण्याचे काम होते.

इथे दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. पहिली: ट्रॅक्टरची बॅटरी आणि ही बॅटरी दिसायला सारखी असली तरी एक नव्हे. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन फिरवण्यासाठी क्षणभर मोठा जोर देते. तिच्यावर रात्र रात्र दिवे लावून ती पार उतरवली, तर थोड्याच दिवसांत निकामी होते. शेतातल्या घराला दिवे लावायचे असतील तर हळूहळू वीज देणारी वेगळी बॅटरी घ्या. दुसरी: थंडीत ऊब यावी म्हणून बंद खोलीत गॅसची शेगडी किंवा कोळशाची शेगडी पेटवून निजू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. ट्रेलरमध्ये या वायूची सूचना देणारी घंटा छताजवळ लावलेली होती, आणि स्वयंपाक करताना एक खिडकी थोडी उघडी ठेवायचीच, असा नियम होता.

शेकोटीच्या वाट्याचे पाणी

रानात मुक्काम म्हटला की शेकोटी हवीच वाटते. तिथे जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही, पडलेले वाळके लाकूड तेवढे वापरायचे. शेकोटी लोखंडी कड्यातच. आणि ती पेटवण्याआधी विझवण्याचे पाणी शेजारी असले पाहिजे. पुतण्या रोज नदीवरून दोन बादल्या आणून ठेवी. पिण्याच्या पाण्यातले शेकोटीला द्यायचे नाही आणि शेकोटीच्या पाण्यातले दुसऱ्या कशाला घ्यायचे नाही, अशी सौ.ची ताकीद होती. निजण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतायचे, काठीने राख ढवळायची, पुन्हा ओतायचे, आणि शेवटी हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहायची. ऊब लागली तर ती विझलेली नाही.

एवढी काळजी कशासाठी, ते या रानाला विचारा. २०२२ च्या मे महिन्यात गिलाच्या वनात ‘ब्लॅक फायर’ नावाचा वणवा पेटला. सव्वातीन लाख एकर रान त्यात जळाले. तो माणसाच्या हातून लागला होता.

तिसऱ्या संध्याकाळी वारा सुटला. नातीने दोन दिवसांपासून मक्याची कणसे निखाऱ्यांवर भाजण्यासाठी राखून ठेवली होती. लाकडे रचलेली, बादल्या भरलेल्या. पुतण्याने कॉटनवूडच्या शेंड्यांकडे पाहिले आणि म्हणाला, “आज नाही.” पोर हिरमुसली. शेजारच्या जागेवर टेक्सासमधला एक म्हातारा कापूस शेतकरी बायकोसह उतरला होता. त्यानेही आपली शेकोटी पेटवली नाही. खुर्ची घेऊन अंधारात बसला आणि आमच्या सौ.ना कांद्याचे भाव विचारत राहिला. पुतण्या दुभाष्या. कणसे आम्ही ट्रेलरमधल्या गॅसवर भाजली. कोणी पहारेकरी नव्हता, दंड करणारा नव्हता. तरी त्या नदीकाठी त्या रात्री एकही शेकोटी पेटली नाही.

जिथे चाक थांबते

मुक्कामापासून काही किलोमीटरवर एका दरीच्या कड्यात जुनी गुहाघरे आहेत. १९०७ साली त्यांना राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण मिळाले. सुमारे मैलभराची वाट आहे आणि चढ १८० फुटांचा. पाच गुहांमध्ये दगडामातीच्या भिंती घालून चाळीसएक खोल्या केलेल्या आहेत. तुळयांच्या लाकडातली वर्षांची कडी मोजून त्या १२७० ते १२९० या काळातल्या ठरल्या. आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते तो हा काळ. ते लोक मोगोयॉन नावाने ओळखले जातात. ते शेतकरी होते. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची पिके. मक्याची बुरकुंडे तिथे सापडली आहेत. ही तिन्ही पिके आणि मिरची अमेरिका खंडातूनच पुढे आपल्याकडे आली, तेव्हा त्या भिंतींसमोर उभे राहताना मला परके वाटले नाही. पाणी खाली ओढ्याला आणि घर वर कड्यात. म्हणजे प्रत्येक घडा डोक्यावरून वर आलेला. सौ.नी ती चढण पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, “बायांनीच आणलं असणार.” एक-दोन पिढ्यांत ते लोक ही घरे सोडून गेले.

त्यांच्यानंतर अपाचे लोकांचा हा मुलूख झाला. प्रसिद्ध अपाचे योद्धा जेरोनिमो याने आपला जन्म गिलाच्या उगमाकडचा सांगितला आहे. १८८६ मध्ये त्याने शरणागती पत्करली आणि त्याच्या लोकांना कैदी करून दूर फ्लोरिडाला नेले. आज आपल्याला हे रान मोकळे दिसते, ते मोकळे करण्यात आलेले आहे, हेही विसरता येत नाही.

पुढे या रानासाठी आल्डो लिओपोल्ड नावाचा वनसेवेतला अधिकारी झगडला. सगळीकडे मोटाररस्ते झाले तर रान उरणार कुठे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या आग्रहाने १९२४ साली गिलाचा मोठा भाग रस्त्यांपासून कायमचा राखून ठेवला. अशा रीतीने सरकारने राखलेले हे जगातले पहिले रान मानतात. सबंध देशासाठी तसा कायदा व्हायला १९६४ साल उजाडले. त्या हद्दीत मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. पायी किंवा घोड्यावरून जायचे. आमचे चाकांवरचे घर रस्त्याच्या कडेला राहिले आणि आम्ही नदीच्या काठाने दोन तास पायी आत जाऊन आलो.

निघायच्या दिवशी तो टेक्सासचा म्हातारा पिशवी घेऊन आपल्या जागेभोवती वाकून वाकून फिरत होता. आपला कचरा त्याने केव्हाच भरला होता. आता आधीच्या लोकांची बाटल्यांची झाकणे आणि दोऱ्याचे तुकडे वेचत होता. परतीच्या वाटेवर गावात ट्रेलर उपसण्याच्या ठिकाणी आम्ही टाक्या रिकाम्या केल्या. आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे मागच्या पाण्याने नळी धुतली जाते. तीन दिवसांची पाच माणसांची सगळी घाण डोळ्यांदेखत मोजून दिली, तेव्हा हिशेब पुरा झाला.

घरी करून पाहा

वाचकहो, यासाठी अमेरिकेला जाण्याची किंवा ट्रेलर घेण्याची गरज नाही. उन्हाळा लागण्यापूर्वी तीन दिवस घरात एवढे करा. दोनशे लिटरचे एक पिंप भरा आणि घरातले सगळे पाणी त्यातूनच मापाने काढा. गोठ्याचे पाणी वेगळे मोजा. दाराआड खडूने चार रकाने आखा: पिणे-स्वयंपाक, भांडी, अंघोळ-कपडे, संडास. लिहिण्याचे काम घरातल्या लहानग्याला द्या. ते चुकवणार नाही आणि कोणाला चुकवूही देणार नाही. तीन दिवसांनी सर्वांत मोठा रकाना कोणता ते पाहा आणि तेवढाच एक कमी करण्याचा उपाय घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. जत्रेला, गडावर किंवा देवराईत सहलीला जाल, तेव्हा एक रिकामी पोते बरोबर असू द्या. माघ-फाल्गुनात रानात चूल मांडलीत तर तिच्या वाट्याचे पाणी आधी बाजूला काढा.

आणि तो खडूचा हिशेब लगेच पुसू नका. चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला, टँकरची वाट पाहायची पाळी आली, तर ग्रामपंचायतीत उभे राहून आमच्या घराला इतके पाणी लागते, असे आकड्यानिशी सांगता येईल.